दर दोरीउड्यांचा, कमाई चालण्याची

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत मी रेट फिक्सर होतो. हातात स्टॉपवॉच आणि समोर लेथवरचा कामगार, जो मला बघताच हटकून सावकाश काम करायला लागायचा. कुठल्या जॉबला किती मिनिटं द्यायची, हे ठरवण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे रायलादेवी तलावापाशी कुणी विचारलं, "काका, सगळ्यात जास्त कॅलरी कशात जळतात?" की मी उलट विचारतो, "तासाच्या दरानं सांगू, की तुझ्या हातून होईल तेवढ्याचं?"

दराचं एकक आहे मेट. स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च १ मेट, म्हणजे वजनाच्या दर किलोमागे तासाला साधारण १ कॅलरी. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९३ मध्ये शेकडो हालचालींचं एक कोष्टकच छापलं आणि पुढे ते वेळोवेळी सुधारलं. त्याच्या २०११ च्या आवृत्तीत भरभर चालणं, म्हणजे तासाला साडेपाच किलोमीटरच्या वेगानं, ४.३ मेट. ताशी आठ किलोमीटरनं धावणं ८.३. मिनिटाला शंभर-सव्वाशे दोरीउड्या जवळजवळ १२. सूर्यनमस्कार मात्र ३.३, म्हणजे साध्या चालण्याएवढेच. अर्थात हे ऐकून रागावणाऱ्यांनी आपण किती वेगानं घालतो तेही बघावं.

आयसीएमआरनं हिशेबाला धरलेला भारतीय पुरुष ६५ किलोचा आहे. तो तासभर दोरीउड्या मारेल तर साडेसातशेच्या वर कॅलरी जातील. पण तासभर मारतो कोण? माझ्या पुतण्यावर मी घड्याळ लावून बसलो होतो. अर्ध्या तासात दोरी फिरली जेमतेम दहा मिनिटं, बाकी वेळ कमरेवर हात ठेवून धापा. दहा मिनिटांचे झाले १२८, उभं राहण्याचे थोडे वर. तोच माणूस तासभर भरभर चालला तर २८० जातात, आणि उद्याही तो चालू शकतो. कारखान्यात याला आम्ही मशीन किती वेगानं फिरतं आणि किती वेळ फिरतं यातला फरक म्हणायचो. ज्याच्याकडे खरोखरच अर्धाच तास आहे आणि गुडघे धड आहेत, त्यानं मात्र धावावं. अर्ध्या तासाच्या धावण्यात २७० जातात. तिथे मी चालण्याची वकिली करणार नाही.

शिवाय एक वजावट कुणी सांगत नाही. त्या तासात नुसतं बसून राहिलो असतो तरी ६५ गेल्याच असत्या. म्हणजे चालण्याची निव्वळ कमाई २१५. एक वडापाव तीनशेच्या आसपास धरतात, तेव्हा बाकीचं गणित ज्याचं त्यानं करावं.

आमच्याकडे एका जुन्या गाळ्यात आता जिम आहे. वर क्रेनचा गर्डर तसाच आहे, खाली ट्रेडमिलची रांग. तिथे मी बघतो, अर्धे लोक चढ वाढवतात आणि मग पुढची दांडी दोन्ही हातांनी धरून मागे रेलतात. स्क्रीनवरचा आकडा वेग आणि चढ यांवरून निघतो. अंगाचा भार दांडीवर गेलाय हे मशीनला कळत नाही. काउंटर फिरला म्हणून पीस तयार झाला असं मी कधी मानलं नाही, इथेही मानत नाही.

घरी हे कोष्टक वाचून दाखवलं तर ही म्हणाली, "अहो, केर काढण्याचे किती लिहिलेत त्यांनी?" ३.३ लिहिलेत. ५५ किलोच्या बाईला तासाला १८०, माझ्या तलावाकाठच्या रमतगमत फेऱ्यांच्या तोडीचे. त्यावर ती काही बोलली नाही, केरसुणी मात्र माझ्या हातात दिली.

मला खरं विलक्षण वाटतं ते आमच्या इस्टेटचंच. १ ऑगस्ट १९६२ ला यशवंतराव चव्हाणांच्या उपस्थितीत एमआयडीसीची सुरुवात झाली ती इथेच. मग नंबरच्या रस्त्यांवर गाळे, लेथ, प्रेस, फाउंड्री. आज त्याच रस्त्यांवर आयटी पार्क आणि कॉल सेंटर. आयसीएमआरच्या २०२० च्या तक्त्यात बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २११० कॅलरी लागतात, मध्यम श्रमाच्या पुरुषाला २७१०, जड श्रम करणाऱ्याला ३४७०. लेथवरचा बाप आणि हेडफोन लावून बसलेला मुलगा यांच्यात रोजचा सहाशेचा फरक. तो नुसता चालून भरायचा तर रोज पावणेतीन तास लागतील. हमालाचा फरक कुठल्याच जिमला भरून काढता येणार नाही. या वस्तीत सगळ्यात जास्त कॅलरी जाळल्या त्या आठ तासांच्या पाळीनं, आणि डबा त्याच मापाचा भरला जायचा. पाळी गेली, डब्याचं माप तेच राहिलं.

जिने चढा, असं सगळे सांगतात. चार मजले चढायला मिनिटभर लागतं आणि जातात आठ-नऊ कॅलरी. वजन उतरवायला हे काहीच नाही. पण जिन्याचं मोल कॅलरीत मोजूच नये. १९५३ मध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरनं लंडनच्या डबलडेकर बसवाल्यांचा अभ्यास छापला. दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा वरखाली करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. वजनं उचलण्याचंही तसंच, दर कमी दिसतो, पण चाळिशीनंतर स्नायू टिकवायचे तर त्याला पर्याय नाही.

कॅलरीच हव्या असतील आणि धावणं जमत नसेल, तर मी चढ सांगतो. कोष्टकात बऱ्यापैकी चढावर भरभर चालण्याला ८ मेट आहेत, धावण्याच्या जवळपास, आणि पाय जमिनीवर आदळत नाहीत. आपल्याला तो चढ फुकट आहे, उपवनहून येऊरला जाणारा. बीपी किंवा हृदयाचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं, आणि बोलताना वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करावा. गुडघ्यांना खरा त्रास उतरताना होतो. आमच्या ग्रुपमधले दोघेजण त्यामुळे चढून जातात आणि खाली टीएमटीच्या बसनं येतात. लोक हसतात त्यांना, पण हिशेबानं त्यांचंच बरोबर आहे.