मागे राहणाऱ्याचाही दाखला

डॉक्टर दांपत्यापैकी एकाने कॅनडात स्थायिक व्हायचे आणि दुसऱ्याने उज्जैनमध्येच दवाखाना व वृद्ध आईवडील सांभाळायचे ठरले, की प्रश्न निघतो : ‘मी जाणारच नाही, मग माझा पोलीस दाखला कशाला?’

तेथील कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. स्थायी वास्तव्याच्या अर्जात जोडीदार सोबत येवो वा न येवो, त्याची नोंद, वैद्यकीय तपासणी व पोलीस दाखला लागतो. तो अपात्र ठरल्यास मुख्य अर्जदारही अडचणीत येऊ शकतो. शिवाय २००२ च्या नियमांनुसार, नोंद व तपासणी टाळलेल्या जोडीदारास पुढे कुटुंबीय म्हणून बोलावण्याची वाट सामान्यतः बंद होते. आजची टाळाटाळ उद्याची ताटातूट ठरते.

गेल्या १० वर्षांत जेथे सलग ६ महिने वास्तव्य झाले, त्या प्रत्येक देशाचा दाखला हवा. भारताचा दाखला पासपोर्ट कार्यालय देते. उज्जैनकरांसाठी ते भोपाळचे. २८ सप्टेंबर २०२२ पासून टपाल कार्यालयांतील पासपोर्ट सेवा केंद्रांतूनही अर्ज करता येतो. सध्या राहत्या देशाचा दाखला अर्जावेळी ६ महिन्यांहून जुना नसावा.

निरोप एकालाच द्यायचा असला, तरी कागद दोघांचेही सिद्ध असावेत.