निम्म्याची खुर्ची

संपादकांनी विषय दिला तो एका ओळीत. केस कापायला एके ठिकाणी एकशेवीस रुपये आणि चार दुकानं सोडून सहाशे का लागतात, आणि त्यातले कापणाऱ्याच्या हातात किती पडतात?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर काचेच्या दारामागच्या सलोनमध्ये लगेच मिळालं. सहाशेत एसी, केस धुणं आणि मोक्याच्या रस्त्यावरचं भाडं येतं. तिथल्या मुलानं सांगितलं की सलोन हेअरकटवर चालतच नाही. कलर, स्मूदनिंग, केराटिनवर चालतं. त्याला पगार ठरलेला आहे आणि टार्गेट गाठलं तर वर इन्सेंटिव्ह. त्यामुळे कापता कापता "सर, स्कॅल्प फार ड्राय आहे" असं सुचवणं हाही त्याच्या कामाचाच भाग.

दुसऱ्या प्रश्नासाठी मी पुण्याच्या पेठेतल्या तीन खुर्च्यांच्या दुकानात गेलो आणि तिथंच रेंगाळलो. मधल्या खुर्चीवर पन्नाशीचे एक कारागीर आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात. गिऱ्हाईक बसलं की ते आधी कातर उचलत नाहीत. ओल्या केसांतून बोटं फिरवून भोवरा कुठं आहे, केस कुठल्या बाजूला पडतात, हे चाचपतात. "भोवऱ्यापाशी एक सूत जास्त गेलं तर महिनाभर केस उभे राहतात, साहेब," ते म्हणाले. साइड मशीननं होतात, पण डोक्यावरचं काम फणी आणि कातर यांचंच. फणी केसांखालून वर सरकते आणि कातर तिच्या दातांवरून चालते. दोन कापांच्या मध्येही ती थांबत नाही, हवेत रिकामी किटकिटत राहते. का, तर हात थांबला की लय तुटते आणि केसांत पायरी पडते. शेवटी ते ब्लेड कागदातच मोडून अर्धी पत्ती वस्तऱ्यात घालतात आणि कल्ल्यांची रेघ एका दमात ओढतात. सहाशे रुपयांच्या खुर्चीवर मला याहून सफाईदार हात दिसला नाही.

या हातांचा इतिहास जुना आहे. न्हावी बारा बलुतेदारांतला. गावातल्या कुटुंबांमधल्या पुरुषांची डोकी-दाढ्या वर्षभर करायच्या आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायचं. संत सेना महाराज याच समाजातले, आणि १९४३ साली सिद्धगडावर हुतात्मा झालेले वकील भाई कोतवालही. १८९० साली कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करायचं नाकारलं. पोटाला लागणारं काम तत्त्वासाठी नाकारण्याची ती गोष्ट शाळेत याहून ठळकपणे शिकवायला हवी.

बलुतं गेलं, रोकड आली. कटिंगचा वेळ मात्र होता तेवढाच राहिला. मागावरचं कापड कितीतरी पटींनी वेगानं निघू लागलं, तरी नीट कटिंगला अजून वीस-पंचवीस मिनिटं लागतात. अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमॉल यांनी १९६०च्या दशकात हेच मांडलं. ज्या कामाचा वेग वाढत नाही, तिथंही मजुरी इतर धंद्यांबरोबर वाढवावी लागते, नाहीतर माणसं ते काम सोडतात. म्हणून अशी सेवा सतत महाग होत जाते. लंडनची साधी कटिंग पुण्याहून कितीतरी महाग असते ती याचमुळे. तिथली कातर काही जास्त वेगानं चालत नाही. आपल्याकडेही माणसं काम सोडतात, पण त्यांच्या जागी गावाकडून, उत्तर प्रदेश-बिहारमधून दुसरी येतात, आणि दर रेंगाळतात.

काकांनी त्यांचा हिशेब मला वहीत मांडून दाखवला. सोमवारी दुकान बंद. मंगळवार ते शनिवार दिवसाला आठ गिऱ्हाइकं, रविवारी वीस. कटिंग-दाढी मिळून माणशी सरासरी शंभर धरले तर आठवड्याचे सहा हजार, महिन्याचे पंचवीस-सव्वीस हजार. खुर्ची निम्म्यावर आहे, म्हणजे अर्धे मालकाचे. काकांच्या हातात साडेबारा-तेरा हजार उरतात. फंड नाही, भरपगारी सुट्टी नाही. पाऊस लागला की गिऱ्हाईक नाही, आणि आजारी पडलं की तो दिवस गेला. मालकही काही गब्बर नाही. भाडं, व्यापारी दरानं वीजबिल, ब्लेड, नॅपकिन हे सारं त्याच्या निम्म्यातून जातं. पैसा सर्वांत निर्धास्त मिळतो तो जागेच्या मालकाला.

स्वतःचं दुकान काढावं, तर डिपॉझिटच लाखाच्या पुढे. काकांनी थोडे पैसे साठवले होते, ते २०२०च्या टाळेबंदीत संपले. मार्चपासून बंद असलेली दुकानं राज्यात २८ जूनला उघडली, तीही केस कापण्यासारख्या मोजक्याच कामांसाठी. दाढीला परवानगी नव्हती. तेवढ्यात घरोघरी ट्रिमर आले, आणि दाढीची कितीतरी गिऱ्हाइकं परत आलीच नाहीत. २०२१च्या एप्रिलमध्ये दुकानं पुन्हा बंद झाली. त्या वर्षी काकांनी एका सोसायटीत रखवालदारी केली.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सलोनच्या सेवांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. काकांना त्याचा काडीचाही उपयोग नाही. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असणाऱ्या अशा दुकानांना हा कर मुळात लागतच नाही.

दिवसभर उभं राहून त्यांच्या पिंढऱ्यांवरच्या शिरा फुगल्या आहेत, आणि उजवा खांदा रात्री झोपू देत नाही. मुलाला त्यांनी या धंद्यात आणलं नाही. तो आयटीआयला इलेक्ट्रिशियनचं शिकतो. मला याची हळहळ वाटते, कारण भोवरा चाचपणारी ती बोटं कुणाला तरी शिकवायला हवीत. पण तेरा हजारांवर शिकायला यावं असं कुणाच्या मुलाला सांगायचं? दिवाळीनंतर कटिंगचे एकशेचाळीस करायचं मालकानं ठरवलं आहे. नेहमीची गिऱ्हाइकं आत्तापासूनच कुरकुरताहेत. त्या वाढीव विसांतलेही दहाच काकांचे.