डब्याच्या झाकणावर पत्ता का नसतो?

आज मुंबईचे डबेवाले. १८९० पासूनची ही सर्व्हिस, पण डब्याच्या झाकणावर ना गिऱ्हाईकाचं नाव, ना पूर्ण पत्ता. फक्त अक्षरं, आकडे, रंग: कुठल्या स्टेशनवर उतरवायचा, तिथून कोण नेणार, बिल्डिंग कुठली, मजला कितवा. वाटेत डबा बऱ्याच जणांच्या हातातून जातो. प्रत्येकजण आपल्यापुरतं वाचतो. इंटरनेटवर डेटाचं पॅकेट साधारण असंच पुढे सरकतं. संध्याकाळी रिकामा डबा बरोब्बर घरी, कारण ते घर डबेवाल्याला पाठ असतं. मार्च २०२० मध्ये लोकल आणि ऑफिसं बंद पडली. मावळ-जुन्नरकडचे कितीतरी डबेवाले गावी गेले, काहींनी दुसरी कामं धरली. सर्व्हर पडला तर बॅकअप असतो. डोक्यातल्या पत्त्यांचा बॅकअप कुठून आणणार?