सोन्याचे नाणे आणि रिठ्याचे पाणी

सोन्याची पारख मराठी माणसाला कोणी शिकवावी लागत नाही, अशी आमची बरीच वर्षे समजूत होती. वजन किती, कस किती आणि घडणावळ किती, हे तीन प्रश्न विचारले की आपले शास्त्र संपले. या शास्त्राच्या जोरावर आम्ही एका जुन्या अमेरिकन नाण्याची जी 'सेवा' केली, तिची हकिगत वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

आमच्या शेजारी एक वृद्ध अमेरिकन बाई राहत. आमच्या कन्येचे शालेय शिक्षण संपले तेव्हा त्यांनी तिच्या हातावर पाच डॉलरचे एक सोन्याचे नाणे ठेवले. एका बाजूला स्वातंत्र्यदेवतेचा मुखवटा, भोवती तेरा तारे, खाली १८८१ हे साल. दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड. "माझ्या वडिलांनी १९३३ साली हे सरकारला दिले नाही," एवढेच बाई म्हणाल्या. आम्ही मान डोलावली. अर्थ मात्र कळला नव्हता.

पुढे दिवाळी आली. सौ.ने लक्ष्मीपूजनासाठी दागिन्यांबरोबर ते नाणेही रिठ्याच्या पाण्यात टाकले आणि दात घासायच्या जुन्या ब्रशाने लख्ख केले. "अहो, बघा कसं झळकतंय!" आम्हीही खूष झालो. पुतळ्यांची माळ घालणाऱ्या आजीची आठवण निघाली आणि नाण्याला कडी लावून ते मुलीच्या साखळीत घालायचे ठरले. तत्पूर्वी किंमत तरी कळावी म्हणून आम्ही ते एका नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे नेले.

त्याने नाणे कडेने धरले, दिव्याखाली तिरपे केले, भिंग लावले आणि विचारले, "हे घासले कोणी?"

आम्ही अभिमानाने "घरीच" म्हणालो! मग त्याने भिंग आमच्या हाती दिले. देवतेच्या गालावर केसासारख्या शेकडो बारीक रेघा दिसत होत्या. टांकसाळीत ठशाचा दाब बसताना धातूवर जे मूळचे तेज उमटते, ते एकदा खरवडले की पुन्हा आणता येत नाही. "आता हे मुख्यतः वजनावर विकले जाईल. कडी लावली असती तर तेही नाणे म्हणून नव्हे, दागिना म्हणून," तो म्हणाला. आमचे नाणे भरपूर निघालेल्या सालचे, म्हणून नुकसान बेताचे. दुर्मिळ असते तर ती दिवाळी फारच महाग पडली असती.

तेव्हा कुठे आम्ही या विषयात डोके घातले. अमेरिकेची सोन्याची नाणी १७९५ पासून निघू लागली. दहा डॉलरचे नाणे म्हणजे 'ईगल'. त्याचे अर्धे पाचाचे, पाव अडीचाचे. कॅलिफोर्नियात १८४८ साली सोने सापडले आणि १८५० पासून वीस डॉलरचे 'डबल ईगल' चलनात आले. सोने नऊशे कसाचे, म्हणजे आपल्या बावीस कॅरटच्या किंचित खाली. पाच डॉलरच्या नाण्याचे वजन ८.३५९ ग्रॅम. इथपर्यंत आपला तराजू कामाला येतो. पुढे भिंग लागते.

आमच्यासारख्या नाण्यावर गरुडाच्या खाली एखादे बारीक अक्षर आहे का, हे पाहायचे. अक्षर नसले तर नाणे फिलाडेल्फियाचे. 'एस' म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, 'सीसी' म्हणजे नेवाडातील कार्सन सिटी. 'डी' असेल तर साल पाहावे: १९०६ पासूनचे असल्यास डेन्व्हर, १८३८ ते १८६१ मधले असल्यास जॉर्जियातील डालोनेगा. कार्सन सिटीत १८७० साली वीस डॉलरची अवघी ३,७८९ नाणी पडली. वजन तेच, सोने तेच, पण एका अक्षराने किंमत कुठल्या कुठे जाते.

शेजारच्या बाईंच्या त्या वाक्याचा अर्थही उलगडला. ५ एप्रिल १९३३ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हुकूम काढला, की नागरिकांनी आपले सोने १ मेपर्यंत बँकेत जमा करावे. मोबदला औंसाला २०.६७ डॉलर. पुढच्याच वर्षी सरकारने भाव ३५ डॉलर केला! आपल्याकडे १९६३ साली आलेले सुवर्णनियंत्रण ज्यांना आठवते, त्यांना त्या वेळच्या घराघरांतल्या कुजबुजीची कल्पना येईल. माणशी शंभर डॉलरपर्यंतची नाणी आणि संग्राहकांची दुर्मिळ नाणी यांना मात्र सूट होती. म्हणजे बाईंच्या वडिलांनी कायदा मोडला नव्हता. आपल्या हक्काचे पाच डॉलर जपले होते. जमा झालेली अगणित नाणी वितळवून सरकारने विटा केल्या. डेन्व्हरला १९२७ साली वीस डॉलरची १,८०,००० नाणी पडली होती. आज त्यांतली जेमतेम डझनभर ठाऊक आहेत. सोने बाळगण्यावरची बंदी ३१ डिसेंबर १९७४ रोजी उठली.

आणखी एक गोष्ट मनाला लागली. सप्टेंबर १८५७ मध्ये, तिकडे हिंदुस्थानात सत्तावनचा लढा पेटलेला असताना, कॅलिफोर्नियाचे सोने घेऊन न्यूयॉर्ककडे निघालेली 'सेंट्रल अमेरिका' ही आगबोट वादळात बुडाली. चारशेहून अधिक माणसे गेली. १९८८ मध्ये समुद्रतळावर तिचे सोने सापडले. तज्ज्ञांनी जराही न घासता, रसायनात भिजवून वरचा थर उतरवला, आणि कितीतरी नाणी टांकसाळीतून नुकतीच आल्यासारखी निघाली. एकशे तीस वर्षांत समुद्राने जे केले नाही, ते आमच्या ब्रशाने दहा मिनिटांत केले होते!

संग्रह करू इच्छिणाऱ्यांना आमचे अनुभवाचे बोल एवढेच: नाणे कडेने धरावे, पुसू नये, धुऊ नये, भोक पाडू नये. महागाचे नाणे पीसीजीएस किंवा एनजीसी यांनी तपासून डबीत बंद केलेलेच घ्यावे, आणि त्या डबीचा क्रमांकही पडताळावा. कारण पुऱ्या वजनाच्या खऱ्या सोन्याचीही खोटी नाणी पाडलेली आहेत. घरात एखादे नाणे वारशाने आले असेल, तर ते कोणाकडून, कधी आले, हे आजच कागदावर लिहून ठेवावे.

आमच्या कन्येने तसे लिहिले आहे. शेजारच्या बाई आता हयात नाहीत, पण त्यांचे ते एक वाक्य नाण्याच्या डबीसोबत आहे. लक्ष्मीपूजनाला डबी अजूनही चौरंगावर येते. सौ. हळदकुंकू वाहते ते डबीशेजारच्या सुपारीवर. आणि रिठ्याचे पाणी दुसऱ्या खोलीत असते.