पातळ पेजेने उंची वाढत नाही

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आढळली. ही खुंटलेली वाढ बहुतेक पहिल्या दोन वर्षांतच होते आणि नंतर भरून निघणे फार कठीण असते.

सहा महिन्यांनंतर आईचे दूध चालूच ठेवायचे, पण ते एकटे पुरत नाही. म्हणून अंगणवाडीतून तीन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी घरपोच आहार मिळतो: रोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, तीव्र कमी वजनाच्या बाळाला ८०० कॅलरी. तो घरात सगळ्यांत वाटला जातो, तिथेच घात होतो. हा वाटा बाळाचाच.

भोर-वेल्ह्याच्या मावळात नाचणी घरचीच. पण पातळ पेजेने इवलेसे पोट भरते, ताकद मिळत नाही. नाचणीला मोड आणून, वाळवून दळली की तिची खीर दाट करूनही गुळगुळीत राहते, बाळाला गिळता येते. त्यात चमचाभर तेल किंवा तूप, शिवाय डाळ किंवा अंडे हवे. भातलावणीच्या दिवसांत आई दिवसभर खाचरात असते. तेव्हा दिवसातून तीन-चारदा भरवणे आजी-बाबांनी अंगावर घ्यायला हवे.