जळजळीची पन्नास वर्षं

गणपतीत चाकरमानी घरी आले की रत्नागिरीतल्या औषधाच्या दुकानांत सकाळी सकाळी एकच मागणी असते, ‘पित्तावरचं काहीतरी द्या.’ नवल वाटायचं कारण नाही. आदल्या रात्री वाडीत घरोघरी आरत्या झालेल्या असतात. प्रत्येक घरी हातावर काहीतरी पडतं, भजनाला बसलेल्यांसाठी उसळ-पाव आणि चहा फिरतो, आणि खरं पान वाढलं जातं तेव्हा बारा वाजायला आलेले असतात. दोन मोदक, त्यावर तूप, आणि लगेच आडवं. मग पहाटे घशाशी आंबट पाणी येऊन जाग येते.

सत्तरच्या दशकात या तक्रारीवर घरात इलाज असे तो खायच्या सोड्याचा. पाण्यात चिमूटभर सोडा टाकायचा, वर लिंबू पिळायचं, फसफसलं की घटाघटा प्यायचं. मोठी ढेकर आली की ‘सुटलं’ म्हणायचं. सोडा आम्लाला मारतो हे खरं, पण घटकाभरच. शिवाय त्यातलं सोडियम रक्तदाबवाल्यांना परवडणारं नव्हे. घरात वैद्यांचं चालत असेल तर फडताळात शंखभस्म, सूतशेखर आणि मोरावळ्याची बरणी. वैद्यकाला हे दुखणं नवं नव्हतंच. माधवनिदान या आयुर्वेदिक ग्रंथात अम्लपित्ताला स्वतंत्र प्रकरण आहे, आणि आंबट-कडू ढेकरा, छातीत नि घशात होणारी आग ही त्यातली लक्षणं आजच्या रुग्णाच्या तोंडून जशीच्या तशी ऐकू येतात.

आणि अर्थात कोकम. एप्रिल-मेमध्ये त्याची फळं, म्हणजे रातांबे, पिकतात. पावसाने गाठण्याआधी काढायची घाई असते. फळं फोडून साली वेगळ्या करायच्या, रसात मीठ घालून त्यात साली बुडवायच्या, उन्हात टाकायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा टाकायच्या. पुटं नीट बसली की काळपट, लवचीक आमसूल तयार. 2018 साली सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळालं. अंगावर पित्त उठलं की आमसुलाचं पाणी लावायचं, पोटात जळजळलं की कोकमाची तिवळ प्यायची, हा आमच्याकडचा रिवाज. त्यातला दुसरा भाग मला कधीच पुरता पटला नाही. कोकम स्वतःच आंबट. त्यात हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल भरपूर. ज्याच्या घशाशी आधीच आंबट येतंय त्याला कोकमाच्या आगळाने बरं वाटेलच असं नाही, काहींची तर आग वाढते. जेवणाबरोबर वाटीभर सोलकढी कोणाला सोसते, कोणाला नाही. ज्याचं त्याने पाहावं. कोकमाच्या अभिमानापोटी घसा जाळून घेऊ नये.

दुखण्याचं मूळ आम्लात कमी, झडपेत जास्त आहे. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंची एक कडी असते. घास आत गेला की ती आवळते. पोट तुडुंब भरलं, तेलकट-तुपकट फार झालं, तंबाखू चालू असली, पोटाचा घेर वाढला किंवा गरोदरपण असलं की ती ढिली पडते, नाहीतर तिच्यावर खालून दाब येतो. मग जठरातलं आम्ल वर चढतं. जठराला ते सोसण्यासाठी अस्तर आहे, अन्ननलिकेला तसलं नाही.

औषधांनी मात्र मोर्चा आम्लाकडेच वळवला, आणि तो यशस्वीही झाला. 1976 मध्ये ब्रिटनमध्ये सिमेटिडिन आलं. त्यामागच्या जेम्स ब्लॅक यांना 1988 चं नोबेल मिळालं. 1981 मध्ये रॅनिटिडिन आलं. आपल्याकडे 1970 च्या पेटंट कायद्यामुळे औषधाच्या रेणूवर मक्तेदारी नव्हती, पेटंट फक्त बनवण्याच्या रीतीवर. त्यामुळे देशी कंपन्यांनी ही औषधं स्वस्तात बनवली आणि गोळ्यांची पाकिटं थेट गावातल्या दुकानापर्यंत पोचली. पाठोपाठ ओमेप्राझोल, मग पॅन्टोप्राझोल. ही औषधं आम्ल तयार करणारा पंपच बंद पाडतात. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये जिवाणूंचा द्रव स्वतः पिऊन दाखवलं की जठराला सूज आणणारा जिवाणू असतो. 2005 चं नोबेल त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना मिळालं. त्या शोधामुळे जठरातल्या कित्येक व्रणांवरची शस्त्रक्रिया टळली. पण व्रण वेगळा, घशाशी येणं वेगळं. आपण दोन्हींना ‘अ‍ॅसिडिटी’ म्हणून एकाच गोळीवर भागवत राहिलो.

रॅनिटिडिनचं पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. 2019 मध्ये त्यात एनडीएमए हे कर्करोगाचा संशय असलेलं द्रव्य सापडलं, एप्रिल 2020 मध्ये अमेरिकेने ते बाजारातून काढायला लावलं, आणि सप्टेंबर 2022 मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून त्याचं नाव गेलं. तोवर लोक पॅन्टोप्राझोलवर सरकले होते, तेही चिठ्ठीशिवाय. त्यातही घोळ असा की ही गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते, कारण पंप सुरू होतो तो जेवताना. आणि बहुतेक जण ती घेतात जळजळ सुरू झाल्यावर. काहींची तर वर्षानुवर्षं रोज चालू आहे. दीर्घकाळ घेतल्याने बी-12 कमी होऊ शकतं. महिनोन्‌महिने घेतलेली गोळी एकदम सोडली तर आम्ल उसळून येतं आणि माणसाला वाटतं, ‘गोळीवाचून आपलं जमणारच नाही.’ डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करावी लागते.

या काळात घरं बदलली ती घड्याळाने. पूर्वी गावाकडे दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात भात आणि कुळथाची पिठी उरकत असे. टीव्हीने जेवण नऊवर नेलं, मोबाईलने झोपही ढकलली. गणपतीच्या रात्रीचं वेळापत्रक बारमाही झालं. त्यामुळे पहिली दुरुस्ती तिथेच: जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवायचे. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून अर्धा फूट उंची द्यावी. नुसत्या उशा रचल्या तर पोट दुमडतं आणि दाब वाढतो. झोपताना डावी कूस बरी, कारण तेव्हा जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं. वामकुक्षी सांगणाऱ्यांनी डावी कूस निवडली होती. आपण उताणे पडून घोरू लागलो. वजन जास्त असेल तर थोडं उतरल्यानेही फरक पडतो. तंबाखूची मिश्री सोडायला घरातल्या बायका सहसा तयार होत नाहीत. तरी सांगत राहावं.

गिळताना अडकणं, वजन उतरणं, उलटीत रक्त किंवा काळी शी, अशी लक्षणं असतील तर दुर्बिणीची तपासणी लांबवू नये. आणि छातीत दुखतंय, घाम फुटलाय, दुखणं हातात किंवा जबड्यात जातंय, तर ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पाजत बसू नका. लांबच्या वाडीतून रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत यायलाच वेळ जातो, त्यात आणखी तासभर घरी घालवायचा नाही. 108 ला फोन करा आणि आधी ईसीजी काढून घ्या.