रिपोर्टमध्ये ‘डिमायलिनेशन’ लिहिलंय; पण एमआरआयला मायलिन दिसतं तरी कसं?

आपाला महिनाभरापासून एका डोळ्याने धूसर दिसतंय, पायाला मुंग्या येतात. न्यूरोलॉजिस्ट मेंदूचा एमआरआय करायला सांगतात. रिपोर्ट घरी येतो आणि त्यात एक शब्द असतो, ‘डिमायलिनेशन’. कोणीतरी तो मोबाईलवर शोधतं आणि त्या रात्री घरात कुणालाच झोप लागत नाही. अम्मी एकच प्रश्न विचारत राहते, “मेंदू खराब झालाय का?”

अशा वेळी हा शब्द काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे दोन्ही माहीत असायला हवं.

मायलिन म्हणजे काय?

मेंदूतल्या पेशी लांब तंतूंमधून एकमेकींना संदेश पाठवतात. यातल्या बऱ्याच तंतूंवर चरबी आणि प्रथिनांचं आवरण गुंडाळलेलं असतं, थरावर थर. हेच मायलिन. 1854 साली रुडॉल्फ फिरखो या जर्मन डॉक्टरांनी त्याला हे नाव दिलं. आवरण नसलेल्या तंतूतून संदेश सेकंदाला साधारण एक-दोन मीटर जातो. चांगलं जाड आवरण असेल तर हाच वेग 100 मीटरपर्यंत पोहोचतो. बाळाच्या पहिल्या दोन वर्षांत मायलिन झपाट्याने वाढतं आणि हे काम तरुणपणीही चालू राहतं.

हे आवरण झिजलं किंवा तुटलं की त्याला डिमायलिनेशन म्हणतात. संदेश मंदावतात, कधी वाटेतच अडतात. यामागचा सर्वांत परिचित आजार म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच मायलिनवर हल्ला करते. 2020 च्या जागतिक अंदाजानुसार जगात सुमारे 28 लाख लोकांना हा आजार आहे. तो बहुतेक वेळा 20 ते 40 या वयात लक्षात येतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त आढळतो. पण प्रत्येक डिमायलिनेशन म्हणजे एमएस नव्हे. बी-12 जीवनसत्त्वाच्या मोठ्या कमतरतेनेही मायलिन खराब होतं. शिवाय वय, रक्तदाब आणि मायग्रेन यांमुळेही एमआरआयमध्ये पांढरे ठिपके दिसू शकतात.

पांढरा डाग म्हणजे मोजमाप नव्हे

एमआरआयचं मशीन मुख्यतः शरीरातल्या पाण्यातल्या हायड्रोजनकडून येणारे संकेत टिपतं. मायलिनच्या चरबीतूनही संकेत निघतात, पण ते इतक्या लवकर विझतात की नेहमीच्या स्कॅनला ते पकडताच येत नाहीत. म्हणून साध्या एमआरआयमध्ये आपल्याला मायलिन थेट दिसत नाही. पांढरा डाग एवढंच सांगतो की तिथे पाण्याची स्थिती बदलली आहे. ती सूज असेल, मायलिन गेलं असेल किंवा जुना व्रण असेल. चित्रात सगळं जवळपास सारखंच पांढरं दिसतं. शिरेतून गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिलं तर ताजी सूज ओळखायला मदत होते. तरी ‘मायलिन किती उरलंय’ याचा आकडा काही त्यातून मिळत नाही.

म्हणूनच कुणाला डाग पुष्कळ असूनही त्रास कमी असतो, तर कुणाला डाग थोडे असूनही चालणं कठीण होतं.

थरांमध्ये अडकलेलं पाणी

मग मायलिन मोजायचं कसं? शास्त्रज्ञांनी वाट काढली ती पाण्यातूनच. मायलिनच्या थरांमध्ये थोडं पाणी अडकलेलं असतं. स्टीलच्या ताटलीवर टिचकी मारली की आवाज घुमत राहतो. तीच ताटली हाताने दाबून धरली तर आवाज लगेच मरतो. थरांमधल्या पाण्याचंही तसंच आहे. त्याचा संकेत साधारण 10 ते 40 मिलिसेकंदांत ओसरतो. पेशींमधल्या आणि आजूबाजूच्या मोकळ्या पाण्याचा संकेत त्याहून बराच जास्त टिकतो. हे दोन्ही वेगळे केले की एकूण पाण्यातला मायलिनचा वाटा काढता येतो.

कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये ॲलेक्स मॅके आणि सहकाऱ्यांनी 1994 साली जिवंत माणसाच्या मेंदूत हे करून दाखवलं. पुढे मृत्यूनंतर मिळालेल्या एमएस रुग्णांच्या मेंदूवर मायलिनला रंगवणारी तपासणी करून हा आकडा पडताळून पाहिला गेला आणि दोन्ही चांगले जुळले. तरी मोजमाप अप्रत्यक्षच आहे. सूज वाढली की एकूण पाणी वाढतं आणि मायलिन तेवढंच असूनही त्याचा वाटा कमी दिसतो.

याचा रुग्णाला उपयोग काय?

एमएसवरची आजची औषधं मुख्यतः नवे हल्ले कमी करतात. गेलेलं मायलिन परत आणणारं खात्रीचं औषध अजून हाती नाही. असं औषध शोधायचं तर आवरण खरंच भरून आलं का, हे मोजता आलं पाहिजे. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 50 एमएस रुग्णांवर क्लेमास्टीन या ॲलर्जीच्या जुन्या औषधाची चाचणी झाली. 2017 च्या निष्कर्षांत डोळ्यापासून मेंदूपर्यंतचे संदेश किंचित वेगवान झालेले दिसले. 2023 मध्ये त्याच रुग्णांच्या स्कॅनमधल्या ‘मायलिनच्या पाण्या’तही सुधारणेच्या खुणा सापडल्या. पण हे संशोधन आहे, उपचार नव्हे. हे औषध एमएससाठी स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नये.

घरच्यांनी काय करावं?

मायलिन मोजणारा स्कॅन अजून मुख्यतः संशोधनातच वापरला जातो. त्यासाठी सेंटर शोधत फिरण्याची गरज नाही. त्यापेक्षा डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. डाग ताजे आहेत की जुने? बी-12 तपासलं का? पुढचा स्कॅन कधी? जुन्या फिल्म आणि सीडी जपून ठेवा, कारण खरी माहिती जुन्या-नव्या स्कॅनच्या तुलनेतून मिळते. जमेल तर स्कॅन त्याच मशीनवर करा. आणि आपा थकवा किंवा मुंग्यांची तक्रार करत असेल, तर ‘स्कॅनमध्ये तर नवीन काही नाही’ म्हणून तिला गप्प बसवू नका.

एमएस असल्याचं निदान झालंच, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत या आजाराचा समावेश आहे, हेही लक्षात ठेवा. आणि अम्मीला सांगा, मेंदू ‘खराब’ झालेला नाही. काही ठिकाणी त्याच्या आवरणाला इजा झाली असावी, असं रिपोर्ट म्हणतोय. ती कशामुळे, हे रुग्णाला तपासून डॉक्टरच सांगतील.